लष्कराच्या लिलावातली जिप्सी: घ्यावी का, आणि घेतली तर सांभाळावी कशी

प्रश्न असा आहे: अंबाजोगाई तालुक्यात शेती आहे. पावसाळ्यात पाणंद रस्ता इतका चिखलाचा होतो की साधी जीप शेतातल्या आखाड्यापर्यंत (शेतघरापर्यंत) पोचत नाही. एका दलालाकडे लष्कराची हिरवी जिप्सी आहे, २०१२ सालची, मीटरवर ४६ हजार किलोमीटर. दलाल म्हणतो, इंजिन कोरं आहे, कागद नंतर होतील. घ्यावी का? आणि घेतली तर पुढं दहा-पंधरा वर्षं चालावी म्हणून काय करावं?

आधी तो ४६ हजारांचा आकडा बाजूला ठेवा. लष्करातली गाडी चालून म्हातारी होत नाही, उभी राहून होते. युनिटमध्ये असेपर्यंत तिचं ऑइल-पाणी वेळापत्रकानं होतं. पण ताफ्यातून काढायचं ठरल्यापासून लिलाव होऊन फाटकाबाहेर पडेपर्यंत ती डेपोच्या मैदानात ऊन-पाऊस खात उभी असते, आणि नंतर दलालाच्या अंगणात. त्यामुळं पिस्टन-रिंगा चांगल्या आणि ब्रेकचं रबर, पेट्रोलची टाकी, ऑइल सील, वायरिंग संपलेलं, असं उलटं गणित या गाड्यांत नेहमी दिसतं. इंजिन स्टार्ट करून दाखवलं म्हणजे गाडी चांगली, असं समजू नका. सगळ्यात शेवटी बिघडणारी गोष्टच तो दाखवतोय.

पण त्याच्याही आधी कागद. "नंतर होतील" हे वाक्य ऐकलं की तिथंच थांबा.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६० नुसार संरक्षण खात्याची वाहनं आरटीओकडं नाही, लष्कराच्या स्वतःच्या यंत्रणेकडं नोंदलेली असतात. म्हणून त्यांच्या पाटीवर वर तोंड केलेला बाण, मग खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे, वर्गाचं अक्षर आणि पुढं क्रमांक असतो. गाडी खरंच २०१२ ची आहे का, हे त्या दोन आकड्यांवरून लगेच कळतं. पाटी रंगवून टाकली असेल तर बंपरवर किंवा आतल्या पत्र्यावर जुन्या रंगाखाली खुणा सापडतात. गाडी सरकारच्या मालकीतून बाहेर पडली की त्याच कलमानुसार तिला नागरी नोंदणीचे नियम लागू होतात. म्हणजे नवीन गाडीसारखी पहिली नोंदणी करावी लागते. त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ४७ लष्करातून निघालेल्या वाहनांचं नाव घेऊन एक कागद मागतो: संबंधित लष्करी अधिकाऱ्यानं दिलेलं फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र. मूळ, झेरॉक्स नाही. त्याच्यासोबत फॉर्म २० चा अर्ज, विमा, पत्त्याचा पुरावा आणि लिलावाची पावती व डिलिव्हरी ऑर्डर लागते.

हा फॉर्म २१ नसेल तर नोंदणी होत नाही, म्हणजे ती गाडी भंगारच आहे. मग ती कितीही सुंदर चालू दे. लिलावात लष्कराची वाहनं दोन प्रकारे जातात: वापरण्याजोगी म्हणून, किंवा भंगार म्हणून. भंगारातल्या वाहनाला नोंदणीचा कागद मिळत नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढं वाढत नाही आणि ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडावी लागतात. अपवाद आहे तो चिलखती आणि प्रत्यक्ष संरक्षण कामाच्या खास वाहनांचा. साधी जिप्सी त्यात धरू नका. म्हणून एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावाच्या यादीत एखादा लॉट दिसला तर पहिल्यांदा बघायचं ते हे, की बोली फक्त स्क्रॅपिंग केंद्रांसाठी आहे की सगळ्यांसाठी. लिलाव "जसं आहे, जिथं आहे" या अटीवर असतो. ठेव आधी भरायची, तपासणीच्या दिवशी जाऊन गाडी स्वतः बघायची, वरचा कर वेगळा, आणि गाडी ठरलेल्या मुदतीत उचलायची. नंतर तक्रार चालत नाही.

तुमच्या बाबतीत गाडी आधीच दलालाकडं आहे, म्हणून अजून दोन फाटे. फॉर्म २१ कुणाच्या नावावर आहे ते बघा. दलालाच्या किंवा आणखी कुणाच्या नावावर असेल तर त्याच्या नावावर आधी नोंदणी होऊन मग फॉर्म २९ आणि ३० नं तुमच्याकडं हस्तांतर हाच सरळ मार्ग. मध्ये नुसतं नोटरीचं प्रतिज्ञापत्र घेऊन साखळी जोडायला जाऊ नका. आणि गाडी पंजाब-हरियाणात नोंदून आणलेली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आरसीवरचा गाडी क्रमांक एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकून बघा, आणि मग गाडीच्या चॅसिसवर ठोकलेला क्रमांक पांढऱ्या कागदावर पेन्सिल घासून उतरवा. अंकांचा आकार, खोली आणि अंतर एकसारखं हवं. भोवती घासल्याच्या खुणा, वेल्डिंगचा पट्टा किंवा एखादाच अंक तिरका दिसला तर निघून या. मोडीत गेलेल्या नागरी जिप्सीचं आरसी बुक लष्करी सांगाड्याला चिकटवणं हा या धंद्यातला जुना प्रकार आहे. तो गुन्हा आहे, आणि पकडली गेली तर गाडी ज्याच्याकडं असते तोच अडकतो.

अंबाजोगाईचं आरटीओ कार्यालय एमएच-४४. तिथं जाऊन सौदा करण्याआधी तीन गोष्टी विचारा आणि शक्यतो लेखी घ्या. पहिली, भारत स्टेज चार या धुराच्या जुन्या निकषाच्या वाहनांची नोंदणी ३१ मार्च २०२० नंतर बंद झाली आहे, तर कलम ६० खाली आधीच नोंद असलेल्या या वाहनाला ते काय लावतात. दुसरी, नोंदणीची पंधरा वर्षं कुठल्या तारखेपासून मोजणार. २०१२ पासून मोजली तर तुमच्या हातात फार थोडा काळ उरतो आणि लगेच फिटनेस, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण येतं. तिसरी, एकरकमी कर कुठल्या किमतीवर. या तिन्हींची उत्तरं ठीक आली तरच पुढचं सगळं वाचण्यात अर्थ आहे.

रंगाबद्दल एकदाच सांगतो. ऑलिव्ह ग्रीन रंग नियम १२१ नुसार फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. हौस कितीही असली तरी तो बदलायचा. बाणाची पाटी, युनिटची चिन्हं, तारे, सगळं घासून काढायचं. हा नुसता दंडाचा प्रश्न नाही. लष्करासारखी दिसणारी खासगी गाडी म्हणजे सुरक्षेला धोका, आणि पोलिसांनी ती अडवलीच पाहिजे.

आता कुठली गाडी घ्यावी. शेतीसाठी जिप्सीच. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणाऱ्या, जिप्सीचं इंजिन १२९८ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं. पुढं-मागं सलग एक्सल, चारही कोपऱ्यांना स्प्रिंगचे पाटे, आणि पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा हाय-लोचा ट्रान्सफर केस. वजन कमी असल्यामुळं काळ्या रानात ती जड जीपपेक्षा कमी रुतते. महिंद्राच्या जुन्या लष्करी डिझेल जीपही बऱ्या, फक्त इंजिन कुठलं बसलंय ते आधी ओळखा, कारण पार्ट त्यावर ठरतात. जोंगा, म्हणजे जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसानच्या परवान्यावर बनलेली जवळपास चार लिटरच्या पेट्रोल इंजिनाची गाडी, ही जपण्याची वस्तू आहे, रोज वापरायची नाही. पेट्रोल पिते आणि पार्ट शोधत फिरावं लागतं. शक्तिमान, स्टॅलियनसारखे ट्रक एका शेतकऱ्यानं घेऊ नयेत.

बघायला जाताना छोटा हातोडा, लोहचुंबक, टॉर्च, व्होल्टमीटर आणि पाने घेऊन जा. चॅसिसच्या लांब पट्ट्यांवर, विशेषतः पाट्यांचे हँगर जिथं बसतात तिथं, हातोडीनं हलकं ठोका. खणखणीत आवाज म्हणजे लोखंड, बद्द आवाज म्हणजे आत पापुद्रे. आपल्याकडं हवा कोरडी म्हणून गंज कमी, हे खरं. पण ही गाडी नोकरीत कुठं होती हे आपल्याला माहीत नसतं. कोकण किनाऱ्यावर किंवा ईशान्येत दहा वर्षं काढलेली गाडी वरून रंगवलेली असते. पत्र्यावर चुंबक फिरवा, जिथं धरत नाही तिथं लांबी (पुट्टी) भरलीय.

मग गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल (एक्सलच्या मधली गिअरची भांडी) यांचे वरचे फिलर बोल्ट, म्हणजे ऑइल भरायच्या तोंडाचे बोल्ट, उघडा. ऑइल दुधट असेल तर आत पाणी गेलंय, बेअरिंग बदलण्याची तयारी ठेवा. बोटावर चांदीची बारीक पूड येणं चालेल, कण टोचायला लागले तर नाही. मागच्या डिफरन्शियलच्या भांड्यावर पांढरा रंग दिसला तर दचकू नका. रात्री दिवे बंद करून ताफा चालतो तेव्हा मागच्या चालकाला पुढची गाडी दिसावी म्हणून तो रंग आणि त्यावर पडणारा बारीक दिवा असतो. त्याच कारणानं डॅशबोर्डवर ब्लॅकआउटचा वेगळा स्विच असू शकतो. हेडलाइट लागत नाहीत म्हणून वायरमन सगळी वायरिंग कापतो आणि दोष त्या स्विचच्या चुकीच्या जागेत निघतो, असं होतं.

गाडी घेतली आणि ट्रकवर टाकून घरी आणली, असं समजू. चालवत आणू नका. ब्रेकवर विश्वास नाही आणि नोंदणीही नाही. पहिल्या दिवशी सेल्फ मारायचा नाही.

स्पार्क प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये पाच-सात मिली पातळ इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. एक चक्र पूर्ण व्हायला दोन फेरे लागतात. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा ऑइल सोडून थांबा. मोकळं फिरलं की जुनं ऑइल काढून नवं ऑइल आणि फिल्टर घाला. साधारण चार लिटर मावतं, शेवटचा अर्धा लिटर डिपस्टिक बघत घाला. टायमिंग बेल्ट किलोमीटर न बघता बदला. रबर वयानं मरतं. सोबत टेन्शनर आणि क्रँक-कॅमचे पुढचे ऑइल सीलही बदला, नाहीतर नव्या बेल्टवर महिन्यात ऑइल येतं. मग प्लग न लावता सेल्फ मारून ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत फिरवा, पण एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको. आता कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवून. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा: चार सिलिंडरमध्ये एक बारपेक्षा, म्हणजे पंधरा पीएसआयपेक्षा, जास्त तफावत नको. एखादं कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंग, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह. उभ्या गाडीत बहुधा व्हॉल्व्हच्या बैठकीवरचा गंज असतो. कधी कधी पाचशे किलोमीटर चालल्यावर तो आपोआप सुधारतो, म्हणून लगेच हेड उघडू नका.

पेट्रोलची टाकी मात्र खाली उतरवाच. एमपीएफआय जिप्सीचा खरा मारेकरी टाकीतला गंज आहे. जुनं पेट्रोल डिंकासारखं होतं, तळाला पाणी साचतं, गंजाची पूड पंपात आणि तिथून इंजेक्टरमध्ये जाते. टाकी रिकामी करून साबणाच्या गरम पाण्यानं तीन-चार वेळा धुवा, पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत. गंज काढायला सोपी रीत विजेची. टाकी पाण्यानं भरा, पाच लिटरला एक मोठा चमचा या प्रमाणात धुण्याचा सोडा घाला, तोंडातून लोखंडी सळई आत लोंबकळत ठेवा पण टाकीला टेकू देऊ नका. १२ व्होल्टच्या चार्जरचा धन सळईला, ऋण टाकीला. सळईवर मळ चढला की पुसून पुन्हा. एक-दोन दिवस लागतात. सळई साधी लोखंडाचीच हवी, स्टेनलेस वापरलं तर विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर, ठिणगी आणि विडीपासून लांब. नंतर धुऊन, उन्हात कडक वाळवून, लगेच बसवा आणि पेट्रोल भरा. ओली टाकी एका रात्रीत पुन्हा लाल होते. आणि कुणी कितीही सांगितलं तरी पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग लावू नका.

टाकी खाली असतानाच सगळे रबरी पाइप बदला. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुन्या गाडीचं साधं नायट्राइल रबर त्यात फुगतं, मऊ पडतं आणि आतून सोलतं. फ्लोरोइलास्टोमरचं अस्तर असलेली, इंजेक्शनच्या दाबाची नळी मागा, दुकानदार तिला आर-९ म्हणतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून उभ्या गाडीत अर्धी टाकी ठेवू नका. एक तर पूर्ण भरा आणि दोन महिन्यांत संपवा, नाहीतर रिकामी ठेवा. कार्ब्युरेटरवाली जुनी जिप्सी असेल तर मे महिन्यात ४२ अंशांत तिला व्हेपर लॉक होतो, म्हणजे पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडतो. गाडी दुपारी थांबवली की पुन्हा लवकर लागत नाही. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून दूर वळवणं आणि मध्ये पत्र्याची ढाल बसवणं हाच टिकाऊ उपाय आहे.

ब्रेकमध्ये काटकसर नाही. डॉट ३ ऑइल हवेतली ओल शोषतं आणि उभ्या गाडीत ती ओल मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरच्या भिंतीला खड्डे पाडते. नुसतं कप किट (आतल्या रबरांचा संच) टाकून भागत नाही. बोटाचं नख आतून फिरवा, खड्डा लागला की सिलिंडरच बदला. तीन रबरी नळ्या असतात, पुढच्या दोन चाकांना एकेक आणि मागच्या एक्सलला एक, तिन्ही नव्या. बाहेरून चांगली दिसणारी नळी आतून सुजते. तेव्हा पाय ठेवला की ब्रेक लागतो पण सुटत नाही, आणि मिस्त्री विनाकारण कॅलिपर बदलतो. सगळी यंत्रणा धुऊन भरायला एक लिटर ऑइल घ्या. हवा काढण्याचा क्रम मास्टरपासून लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका. जुन्या लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, पाण्यानं ओलं करून पुसा.

आता पुढचा एक्सल. जिप्सीच्या मालकांची सगळ्यात मोठी तक्रार इथली: साठ-सत्तरच्या वेगाला खड्डा लागला की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वेड्यासारखं हलतं आणि गाडी थांबवल्याशिवाय थांबत नाही. पहिल्यांदा हे झालं की माणूस घाबरतो, आणि दुकानदार लगेच स्टिअरिंग डँपर, म्हणजे स्टिअरिंगचे हेलकावे दाबणारा दांडा, विकतो. डँपर दुखणं लपवतो, बरं करत नाही. शोध असा घ्या. एक्सलच्या भांड्याखाली जॅक लावून चाक उचला. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिनचं, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं त्या पिनेचं, बेअरिंग. मग चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा, तिथला खेळ म्हणजे टाय रॉड एंड. किंगपिनला वर आणि खाली निमुळतं बेअरिंग असतं आणि ताण पातळ शिमांनी, म्हणजे पत्र्याच्या चकत्यांनी, ठरतो. शिम कमी केली की ताण वाढतो. योग्य ताणाला नकल (एक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) हातानं किंचित जड पण एकसारखं फिरतं, मध्ये दातरल्यासारखं वाटलं तर बेअरिंगच्या वाटीत रोलरचे ठसे उमटलेत. हेही उभं राहिल्याचं दुखणं. वजन वर्षभर एकाच जागी पडून राहतं. दोन्ही बाजूंची बेअरिंग वाटीसकट बदला, एकाच बाजूची नको.

त्याच वेळी आतलं एक्सलचं ऑइल सील बदला. ते गेलं की डिफरन्शियलचं ऑइल नकलच्या गोळ्यात येतं, ग्रीस पातळ होतं आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळं पाझरायला लागतं. सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी ताकद पोचवणारा सांधा) धुऊन मॉलिब्डेनमचं ग्रीस भरा. गोळ्यावरची फेल्ट आणि रबराची पट्टी स्वस्त आहे, ती नवी घालाच, कारण आपली काळी माती याच फटीतून शिरते. डिफरन्शियलला ८०डब्ल्यू-९० जीएल-५, गिअरबॉक्सला जीएल-४. जीएल-५ गिअरबॉक्समध्ये टाकलं तर पितळी सिंक्रो रिंगा खराब होऊ शकतात. प्रत्येक ठिकाणी आधी फिलर बोल्ट उघडा, मगच खालचा ड्रेन. फिलर जाम निघाला आणि ऑइल आधीच सोडलेलं असेल तर गाडी तिथंच अडते. भरताना फिलरच्या तोंडातून बाहेर यायला लागलं की पुरे. एक्सलच्या ब्रीदरला, म्हणजे हवा जाण्या-येण्याच्या छोट्या तोंडाला, दोन-तीन फूट नळी लावून बॉनेटखाली वर नेऊन बांधा. गरम एक्सल ओढ्याच्या पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढते, दुधट ऑइल तिथूनच येतं.

प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला चारही टोकांतून नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत मारा. शाफ्ट सोडवायचा असेल तर सरकणाऱ्या जोडावर आधी खडूनं रेघ मारा आणि तसाच बसवा, एक दात फिरला तरी चाळीसच्या वर गाडी थरथरते. पाट्यांचे बुश बदलले की यू-बोल्ट शंभर आणि पुन्हा पाचशे किलोमीटरनंतर आवळा.

चालवताना एक नियम: डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावायचा नाही. मध्ये डिफरन्शियल नसल्यामुळं वळणावर पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यातला फरक कुठंच जिरत नाही, शाफ्टमध्ये पीळ भरतो आणि ट्रान्सफर केस फुटतो. चिखलात शिरण्याआधीच लावा, रुतल्यावर नाही. काळ्या रानात टायरचे गट्टू मातीनं भरतात आणि चाक गोल, गुळगुळीत होतं. म्हणून लोमध्ये दुसरा गिअर, संथ आणि न थांबता. हवा साधारण १६ पीएसआयपर्यंत उतरवली तर फरक पडतो, रस्त्यावर यायच्या आधी पुन्हा भरा. त्याच संध्याकाळी चाकांच्या आतला चिखल धुऊन काढा. वाळला की सिमेंट होतो, चाकाचा समतोल बिघडतो आणि तुम्ही किंगपिनला दोष देत बसता.

टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षांच्या पुढचा टायर कितीही नवा दिसला तरी बैलगाडीला द्या. लष्करी क्रॉसप्लाय टायर ओल्या डांबरावर घसरतात, बाजारहाटासाठी रेडियल बरे. महिंद्रा जीप किंवा जोंगा घेणाऱ्यांना इथं इशारा: त्यांच्या काही चाकांचे रिम दोन भाग नटांनी जोडलेले असतात. ट्यूबमध्ये हवा असताना ते जोडाचे नट सोडले तर रिम फुटून माणूस जागीच जातो. गावातल्या पंक्चरवाल्यानं असा रिम पाहिलेला नसतो. आधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या, मगच पाना लावा. जोडाचे नट लाल रंगवून ठेवा.

वायरिंगमध्ये उंदीर आणि धूळ. पहिलं काम अर्थिंगचं: बॅटरी ते चॅसिस, इंजिन ते चॅसिस, बॉडी ते चॅसिस, तिन्ही जागा घासून चमकवा आणि वर ग्रीस लावा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. मोठ्या लष्करी गाड्यांत आणि काही वायरलेसच्या गाड्यांत २४ व्होल्ट असतात, दोन बॅटऱ्या एकामागं एक जोडून. तिथं मोबाइल चार्जर किंवा टेपसाठी एकाच बॅटरीतून १२ व्होल्ट काढू नका. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी उकळते, आणि दोन्ही वर्षात जातात. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतो.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालायचं नाही, हे आपल्या भागात जितकं सांगावं तितकं कमी. आपलं पाणी जड, क्षाराचं. घागरीत बसतो तो पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. जुना थर असेल तर लिटरला वीस ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास इंजिन चालवा, काढा, दोनदा साध्या पाण्यानं धुवा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्याहून जास्त वेळ ठेवू नका. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणारे मिस्त्री आहेत. काढल्यावर इंजिन थंडच राहतं, कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो आणि ते ऑइलमध्ये उतरतं. गाडी तापत असेल तर कारण चोंदलेली जाळी, सैल बेल्ट किंवा रेडिएटरच्या कमजोर झाकणात आहे. जाळी धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारा, उलट मारलं तर कचरा आत घट्ट बसतो. एअर फिल्टर पावसाळा सोडून दर महिन्याला बघा, आणि त्याच्या पेटीचं रबर सपाट झालं असेल तर ते आधी बदला. फटीतून गेलेली धूळ फिल्टरला माहीतच नसते.

मशीनिंगची कामं छत्रपती संभाजीनगरला करून घ्या. चिकलठाणा, वाळूजच्या भागात चांगले लेथ आणि क्रँक ग्राइंडिंगवाले आहेत. पहिल्या वर्षात गाडीच्या किमतीइतका खर्च धरूनच सौद्याला बसा, आणि क्रम ब्रेक, टाकी, पुढचा एक्सल, टायर, मग इंजिन असा ठेवा. रंग आणि हूड शेवटी.

पेरणी झाल्यावर किंवा उन्हाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर दर पंधरा दिवसांनी वीस किलोमीटर चालवा. जागेवर दहा मिनिटं रेस देणं अपाय करतं, कारण सायलेन्सर आणि ऑइलमधलं पाणी उडण्याइतकं इंजिन तापत नाही. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर दोन किलोमीटर फोर बाय फोर लावून फिरवा, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलचे दात आणि सील ऑइलनं ओले राहतात. उभी करताना हँडब्रेक सोडा आणि चाकांना दगड लावा, ओढलेला हँडब्रेक ड्रमला चिकटतो. गाडीत कायम ठेवायचं सामान: एक फॅन बेल्ट, एक क्लच केबल, फ्यूज, पेट्रोलची नळी आणि दोन क्लिप, वॉल्व्हची पिन काढायची चावी, हवेचा गेज, वीस फूट पट्टा दोर, आणि जॅकखाली ठेवायला दोन इंच जाड लाकडी फळी. काळ्या मातीत जॅक फळीशिवाय चाक उचलत नाही, स्वतःच जमिनीत जातो.